अडीच मिलिमीटर

आमचा कारखाना धूळ तयार करायचा. लोक तिला सिमेंट म्हणायचे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात, मी एकतीस वर्षं काढली. काम तसं सोपं. खाणीतला दगड सुरुंग लावून फोडायचा, दळून त्याची धूळ करायची. ती धूळ १४५० अंशांवर भाजायची, म्हणजे तिचे पुन्हा दगड होतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. मग ते दगड दळून पुन्हा धूळ. ती पोत्यात भरून तुम्हाला द्यायची आणि तुम्ही पाणी घालून तिचा पुन्हा दगड करायचा. या सगळ्या प्रकारात मूळ दगडाचं नेमकं काय चुकलं होतं, हे मला निवृत्तीपर्यंत कळलं नाही.

बरं, धूळ म्हणजे साधीसुधी नव्हे. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या एका किलोतल्या सगळ्या कणांचं पृष्ठफळ मोजलं तर ते किमान २२५ चौरस मीटर भरलं पाहिजे, असं मानक सांगतं. पन्नास किलोच्या पोत्याचा हिशेब केला तर ११,२५० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन एकर. आमच्या भागात एवढ्या जमिनीवरून सख्खे भाऊ तीन पिढ्या कोर्टात जातात. आणि आम्ही रोज अशी हजारो पोती भरायचो. त्यातली थोडी जमीन वाऱ्यावर जायची, हे ओघानं आलंच.

ही जमीन सगळीकडे होती. झाडांवर होती, सायकलींच्या सीटवर होती, कँटीनच्या वरणात होती. नवीन लागलेला पोरगा वर्षभरात भुवयांनी म्हातारा दिसायला लागायचा. कोणाचीच तक्रार नव्हती, कारण तिच्यावरच आमचे पगार होत होते. फक्त कारखान्याच्या मधोमध एक खोली अशी होती की तिथे या धुळीला सक्त मनाई होती. ती म्हणजे कंट्रोल रूम आणि तिला लागून असलेली पीएलसीची, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या संगणकांची खोली. मनाई अर्थातच पाटीवर होती.

त्या खोलीत लोखंडी कपाटं आणि कपाटांत कार्डं. तळहाताएवढ्या एकेका कार्डावर बाहेरची अजस्र यंत्रं टांगलेली. किल्न म्हणजे साठ-पासष्ट मीटर लांबीची, शेकडो टनांची भट्टी, मिनिटाला तीन-चार फेऱ्यांनी फिरणारी. ती तापलेली असताना थांबली आणि फिरवलीच नाही तर आपल्याच वजनानं वाकते. म्हणून वीज गेली तरी तिला हळूहळू फिरवत ठेवायला वेगळं डिझेल इंजिन असतं. अशा या कुंभकर्णाला झोपवायला काय लागावं? कार्डाच्या पिनेवर चिमूटभर धूळ. तापमान सांगणारा थर्मोकपल जो निरोप पाठवतो, तो असतो काही मिलिव्होल्टचा. वाटेत पिनेवर धूळ बसली की निरोप पोचत नाही, किंवा भलताच पोचतो. मग कार्डाला वाटतं भट्टी पेटली, आणि ते सगळं बंद करून मोकळं होतं.

यावर आमच्या खात्याचा एकच रामबाण उपाय होता. कार्ड बाहेर ओढायचं, त्याच्या सोनेरी पिना शाळेच्या खोडरबरानं हलक्या हातानं घासायच्या, फुंकर मारायची (मारू नये, थुंकी उडते, पण मारायची) आणि कार्ड परत बसवायचं. दहातल्या आठ वेळा भट्टी चालू. लाखोंची यंत्रणा खोडरबरावर चालते हे हिशेब खात्याला पटवणं मात्र अवघड. दर तिमाहीला आमच्या मागणीपत्रावर शेरा यायचा, ‘इन्स्ट्रुमेंट खात्यात एवढे रबर? चुका कमी कराव्यात.’

तर या गाभाऱ्याचं पावित्र्य राखायची पहिली पायरी म्हणजे चपला बाहेर काढणं. दारावर पाटी होती, ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.’ कारखान्यात सुरक्षेसाठी लोखंडी टोपीचे बूट सक्तीचे, आणि कंट्रोल रूममध्ये बूट काढणं सक्तीचं. त्यामुळे दाराबाहेर सतत तीस-चाळीस बूट पडलेले असायचे आणि लांबून पाहणाऱ्याला आत सत्यनारायण असावा असं वाटायचं. बूट बाहेर राहायचे, पण बुटातली धूळ मोज्यांत शिरलेली असायची. बूट निदान तळानंच जमिनीला टेकतो. मोजा सगळ्या अंगानं धूळ धरतो आणि गुळगुळीत फरशीवर पावलागणिक तिचे ठसे सोडतो. रात्रपाळीत कोण कोण खुर्चीतून उठून मागच्या बाकावर जाऊन झोपलं, हे सकाळी त्या ठशांवरून वाचता यायचं.

एकदा फेब्रुवारीत किल्न आठवड्यात तीनदा झोपली तेव्हा वरून हुकूम सुटला आणि पुण्याहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की धूळ पुसण्याचा विचारच चुकीचा आहे, ती आत येता कामा नये. आम्ही वहीत लिहून घेतलं. पुढे ते म्हणाले, की यासाठी खोलीत धन दाब हवा. म्हणजे स्वच्छ, गाळलेली हवा पंख्यानं सतत आत ढकलायची, बाहेरच्यापेक्षा आतला दाब जरासा जास्त ठेवायचा. मग फटी असल्या तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. आमच्या ऑपरेटरांचे चेहरे कोरेच होते. शेवटी मी म्हटलं, “अरे, भरलेली एसटी. दार उघडलं तर आतलाच एखादा बाहेर पडतो, खालचा चढू शकत नाही.” मग सगळ्यांना समजलं. तज्ज्ञांना उपमा आवडली नसावी, पण त्यांनी ती दुपारच्या बैठकीत स्वतःची म्हणून वापरली.

दाब किती हवा? पंचवीस पास्कल. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण मोजायला गेलं तर तो फक्त अडीच मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. बशीत सांडलेला चहा याहून खोल असतो. तरी एवढाच दाब नेहमीच्या आकाराच्या दारावर एकूण पाचेक किलोचा जोर लावतो, आणि दार उघडताना हाताला तो कळतो. आमचं दार नुसत्या फुंकरीनं उघडायचं. तज्ज्ञांनी दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि काही न बोलता वहीत काहीतरी लिहिलं. दार मिटतच नव्हतं, हेही बहुधा त्यातच असावं.

गाळण्यांवर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं. त्यातली एकच गोष्ट मला आजही आठवते. हेपा नावाची जी उच्च प्रतीची गाळणी असते, ती ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवते. मला वाटलं, त्याहून बारीक कण निसटत असतील. तसं नाही. मोठे कण आपल्याच वेगानं जाऊन धाग्यावर आपटतात. अगदी बारीक कण हवेत दिशाहीन भरकटत कुठेतरी चिकटतात. पकडायला सगळ्यांत अवघड तो मधला, ०.३ मायक्रॉनवाला. तो ना आपटत, ना भरकटत. आपला मधल्या वाटेनं शांतपणे पार होतो. मी एकतीस वर्षं मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांबरोबर काम केलेलं असल्यामुळे मला हे एकदाच सांगावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, “सध्या दाब किती आहे?” ऑपरेटरनं लॉगबुक पुढे केलं. दर तासाला नोंद. २.५, २.५, २.५. तिन्ही पाळ्या, अख्खा महिना, एकाच वळणाचं अक्षर. तज्ज्ञ खूश झाले. “आणि मोजता कशावर?” भिंतीवर तिरकी काचेची नळी होती, तिच्यात रंगीत पाणी असतं आणि दाबाप्रमाणे ते पुढे-मागे सरकतं. आम्ही सगळे जवळ गेलो. नळीत पाणीच नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात की त्याच्या आदल्या, कोणास ठाऊक, ते आटून गेलं होतं. नसलेल्या पाण्याची उंची दर तासाला अडीच मिलिमीटर भरत होती. त्याच दिवशी कँटीनमधून नीळ आणून नळी भरली. पाणी शून्यावर थांबायच्या ऐवजी उलटंच, थोडं मागे सरकलं. तज्ज्ञ म्हणाले, “नळी तिरकी बसवलीय.” ती तिरकीच असते, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांची नागपूरची गाडी निघायची होती.

जाताना ते दोन शिफारशी देऊन गेले. पहिली, दारासमोर दुसरं दार बांधा. दोन्ही एकाच वेळी उघडता कामा नयेत, मधल्या चौकात धूळ थांबेल. ती आम्ही तीन महिन्यांत अमलात आणली. धूळ थांबली की नाही माहीत नाही, पण त्या चौकात बूट, छत्र्या, डबे, एक सायकल आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा थांबायला लागला. चहावाल्याच्या एका हातात किटली आणि दुसऱ्यात कपांची जाळी. त्याला दोन दारं एकामागून एक उघडायला तिसरा हात लागायचा. म्हणून त्यानं दोन्ही दारांना आग विझवायचे सिलिंडर टेकवून ठेवले. अग्निशमन निरीक्षक येऊन गेले. सिलिंडर हाताशी ठेवल्याबद्दल त्यांनी आमचं कौतुक केलं.

दुसरी शिफारस, खोलीत झाडू बंद, व्हॅक्युम क्लीनर वापरा. हे मी आमच्या सफाईच्या मावशींना सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “साहेब, मी झाडतो, धूळ उडते. उडाली का बसते. बसली का मी उद्याले पुन्हा झाडतो. ते तुमचं यंत्र धूळ गिळून टाकन, मंग मी कायले येऊ?” पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र यांची इतकी स्वच्छ सांगड मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. व्हॅक्युम क्लीनर आला. तो कपाटात ठेवला. त्याच्यावरची धूळ मावशी रोज झाडायच्या.

आमचे इलेक्ट्रिकलवाले याहून शूर. त्यांच्याकडे कॉम्प्रेसरच्या हवेची नळी होती. पॅनेल उघडायचं आणि भस्सकन हवा मारायची. एका झटक्यात पॅनेल चकाचक, आणि त्यातली धूळ शेजारच्या चार पॅनेलांत. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर थोडं तेल आणि थोडं पाणीही येतं, म्हणजे धुळीला बसायला गादी. त्या पॅनेलांवर ‘आयपी ५४’ असा शिक्का होता. त्यातल्या पाचाचा अर्थ, धूळ थोडी आत गेली तरी कामात अडथळा येणार नाही. सहा असता तर अजिबात जाणार नाही. पण हे आकडे दार बंद असलेल्या पेटीचे. आमच्या पेट्यांच्या किल्ल्या कारखान्याच्या उद्घाटनानंतर कोणी पाहिलेल्या नव्हत्या आणि दारं तारेनं बांधलेली होती.

एक मात्र कबूल करतो. धुळीचे उपयोगही होते. मोटारी चालू-बंद करणाऱ्या पॅनेलांवर तिचा असा मऊ, सपाट थर बसायचा की बोट आपोआप तिकडे जायचं. पूर्वी मुलं धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवायची, तशी आमची पाळी-बदलाची निरोपांची पाटी तीच. ‘पंप ३ बेअरिंग गरम’, ‘उद्या माझी सेकंड’, खाली फुली-गोळ्याचा अर्धा डाव. वहीत लिहिलेलं कोणी वाचत नसे, पॅनेलवरचं सगळे वाचायचे. एकदा ऑडिटच्या आदल्या दिवशी उत्साहाच्या भरात पॅनेलं लख्ख पुसली गेली. त्याच रात्री तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग जळालं. चौकशीत रात्रपाळीवाला म्हणाला, “साहेब, मले कोनी सांगतलंच नाई.” खरं होतं ते. सांगितलेलं आम्हीच पुसून टाकलं होतं.

मे महिना आला. आमच्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश ही बातमी नसते, नेहमीची भाजीभाकरी असते. खोलीचे एसी त्यासाठी बनवलेलेच नव्हते. एक म्हणजे एसी आतलीच हवा फिरवतो, दाब तयार करत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्या गळी उतरलेलं नव्हतं. थंड म्हणजे स्वच्छ, अशी सर्वांची श्रद्धा. दुसरं, बाहेरच्या युनिटच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा झालेला, त्यामुळे त्याला उष्णता बाहेर टाकायला जागाच उरली नव्हती. दोन एसी एकाच दुपारी बसले. इलेक्ट्रॉनिक्सबद्दल एक ढोबळ नियम सांगतात, तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्या दुपारी खोलीत आम्ही कार्डांचं आणि आमचं आयुष्य एकत्रच निम्मं करत बसलो होतो.

विदर्भात अशा वेळी माणूस देवाचा धावा करत नाही, कूलर आणतो. रातोरात वर्कशॉपमधून पत्र्याचा भलाथोरला कूलर आला, खिडकीची काच काढली गेली, वाळ्याच्या ताट्या भिजल्या आणि खोलीभर असा सुगंध सुटला की माणसं ड्युटी संपल्यावरही घरी जाईनात. आणि काय सांगू, नळीतलं निळं पाणी पहिल्यांदाच पुढे सरकलं! धन दाब! कूलर बाहेरची हवा आत ढकलत होता, पुस्तकात लिहिलेलं अगदी तसं. मी तज्ज्ञांना फोन करून ही आनंदाची बातमी दिली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

कारण कूलर नुसती हवा ढकलत नव्हता. बाहेरचं सिमेंट आणि ताट्यांमधलं पाणी तो एकत्रच ढकलत होता, तेही मोजून-मापून, हप्त्याहप्त्यानं. जूनमध्ये पावसाळी दमट हवा पडली आणि कार्डं एकेक करून बोलेनाशी झाली. पहिलं ओढायला गेलो तर निघेना. दुसरं निघालं ते करड्या पापुद्र्यासकट. खोडरबरानं घासलं, रबर झिजलं. आमचे सिव्हिलचे साहेब सहज आत आले होते, त्यांनी नखानं पापुद्रा टोकरून पाहिला आणि व्यावसायिक अभिमानानं म्हणाले, “ताकद चांगली आलीय. अठ्ठावीस दिवस पाणी मारलंत?”

मधल्या काळात एका परदेशी कंपनीच्या माणसानं भिंतीवर तांब्याची आणि चांदीची पट्टी टांगली. हवेतले गंजवणारे वायू किती, हे पाहण्याची ती पद्धत. महिनाभरानं पट्टी प्रयोगशाळेत पाठवायची आणि तिच्यावर थर किती चढला ते मोजायचं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी चढला तर हवा सौम्य. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आमच्याकडे मात्र ही पट्टी वास्तुदोषावरचा उपाय आहे अशी समजूत पसरली, आणि कोणीतरी भाविकानं तिला हळद-कुंकू वाहिलं. त्याचा अँगस्ट्रॉममध्ये काय हिशेब लागला, तो अहवाल आमच्यापर्यंत आला नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा. ज्या खोलीत एरवी मोज्यांवर संशय घ्यायचा, त्या खोलीत झेंडूच्या माळा, अक्षता, गुलाल, कापूर, नारळाच्या शेंड्या. मी विरोध करायचं केव्हाच सोडलं होतं. कार्डांचा माझ्यापेक्षा देवावर जास्त विश्वास असावा, कारण दसऱ्याच्या आठवड्यात किल्न कधीच बंद पडली नाही.

उंबऱ्यावर केळ्यात खोचलेली उदबत्ती जळत होती. मी पाहत होतो. तज्ज्ञांनी जाता जाता सांगितलं होतं, दाब बघायला दाराच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर बाहेर गेला पाहिजे. धूर वळून सरळ आत निघाला होता. रमतगमत नव्हे, काम असल्यासारखा. मी त्याच्या मागे गेलो. पॅनेलांच्या रांगेतून, शेवटच्या कपाटाच्या मागून, जुन्या ड्रॉइंगच्या रॅकपर्यंत. रॅकच्या मागे भिंतीच्या रंगानं रंगवलेला, अठरा इंची, जोरात फिरणारा एक्झॉस्ट फॅन होता. दोन्ही दारं, सगळ्या फटी, केबलची भोकं यांतून कारखान्यातली धूळ आत ओढून, खोलीभर फिरवून तो मागच्या बाजूनं बाहेर टाकत होता. नळीतलं पाणी मागे का सरकलं होतं ते मला आठ महिन्यांनी कळलं. नळीनं आयुष्यात एकदाच खरं सांगितलं होतं आणि आम्ही तिला तिरकी ठरवलं.

मी मागे वळलो तर अख्खी पाळी आपापल्या मोज्यांकडे बघत होती. हळूहळू इतिहास बाहेर आला. रात्री कोणीतरी विडी ओढायचं. विडीनं छतावरचा स्मोक डिटेक्टर वाजायचा. म्हणून धूर ओढून घ्यायला पंखा बसवला. पंख्यानं धूळ आत ओढली. डिटेक्टरमध्ये एक प्रकाशाचा किरण असतो, कण आले की तो विखुरतो, आणि कण धुराचे की धुळीचे हे त्याला कळत नाही. म्हणून तो आता विडी न ओढताही वाजायला लागला. तेव्हा त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. मी वर पाहिलं. पिशवी होती, रबरबँड लावून, नीट. पिशवी बांधल्यावर पंख्याची गरज उरली नव्हती, पण विडी ओढणाऱ्याला जसं ती सोडायचं सुचत नाही, तसं तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

पंखा काढायचं ठरलं. जॉब कार्ड भरायला घेतलं तर संगणक मशीनचा नंबर मागायला लागला. पंखा कधी खरेदीच झाला नव्हता, यादीत नव्हता, म्हणून त्याला नंबर नव्हता. आणि नंबर नसलेली वस्तू काढायची सोय त्या प्रणालीत नव्हती. चार दिवस पत्रव्यवहार झाला. शेवटी एक जुना वायरमन म्हणाला, “साहेब, थ्री-फेज हाय. काढता कायले? दोन तारा अदलाबदल करतो.” त्यानं तारा बदलल्या, पंखा उलटा फिरायला लागला, आणि बाहेरची हवा आत येऊ लागली. बाहेरच्या तोंडाला डस्ट कलेक्टरच्या नव्या बॅगचं कापड खोक्यात बसवून गाळणी केली. पाती उलट्या फिरण्यासाठी नसतात, त्यामुळे हवा निम्मीच येत होती. पण येत होती गाळून. मी चहावाल्याला एक लाकडी पाट करून दिला, दोन दारांच्या मध्ये किटली टेकवायला, आणि सिलिंडर जागेवर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीतलं निळं पाणी एक मिलिमीटर पुढे होतं. दार उघडताना हाताला अगदी पुसटसा जोर जाणवला, एसटीतल्या शेवटच्या माणसासारखा. मी उत्साहानं लॉगबुक उघडलं. रात्रपाळीच्या नोंदी होत्या. २.५, २.५, २.५.

ऑपरेटरला विचारलं, “अरे, आता खरा दाब आहे ना? एक आहे, एक लिही.”

तो कळवळून म्हणाला, “साहेब, इतके वर्स अडीच लिवलं. आता एकदम एक लिवलं तर वरचे इचारतीन ना, दाब कमी काऊन झाला म्हणून.”